तगर-पैठण मार्ग व बीड प्रांतांतील मालवाहू गाडे

दक्षिणेंतील प्राचीन व्यापाराविषयीं लिहितांना आपल्याकडील बहुतेक लेखक मालाचीं नांवें देतात, बंदरांचीं नांवें देतात, राजांच्या वंशावळीही देतात. परंतु तो माल कशावर लादला गेला, कोणत्या चालीनें चालला व वाटेंत कोठें अडला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक वाहतुकीचें साधन ठाऊक झाल्यावांचून मार्ग ठरत नाहीं, आणि मार्ग ठरल्यावांचून स्थलनिर्णय पक्का होत नाहीं. प्रस्तुत लेखांत बीड जिल्ह्याच्या भूमीवरून गेलेल्या एका अतिप्राचीन गाडीमार्गाचा विचार करून, तेथपासून आजपर्यंत त्या प्रांतांत मालवाहू गाड्याची काय गति झाली, याची संगति लावण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. मूळ पुरावा

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें. हाच ‘पेरिप्लस’ ग्रंथ होय. ग्रंथकर्त्याचें नांव उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा सारा ग्रंथ जर्मनींतील हायडेलबर्ग येथील दहाव्या शतकांतल्या एकाच पोथीवर उभा आहे. लंडन येथें असलेली दुसरी प्रत या पोथीचीच उत्तरकालीन नक्कल होय. ती एक पोथी वाळवीच्या मुखीं पडली असती, तर दक्षिणापथांतील व्यापाराचा हा अमूल्य पुरावा कायमचा नाहींसा झाला असता.

या ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, दक्षिणापथांत दोन पेठा मुख्य. पहिली पैठण, ती भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे. दुसरी तगर, ती पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून फार मोठें नगर आहे. पैठणाहून गोमेद जातीचा दगड पुष्कळ येतो. तगराहून साधें सुती कापड, निरनिराळ्या जातींचीं तलम वस्त्रें व समुद्रकांठच्या प्रदेशांतून तेथें आलेला इतर माल येतो. हा सर्व माल मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखांतून गाड्यांवर घालून भडोचेस उतरविला जातो. मूळ ग्रीकांत या ठिकाणीं जो शब्द आहे तो निःसंशय चाकाच्या गाडीचा वाचक आहे. ओझ्याच्या जनावराचा नव्हे.

येथें दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत व त्या परस्परविरुद्ध दिसतात. वाट बिनरस्त्याची, आणि वाहन चाकाचें. परंतु ज्यानें गोदाकांठची काळी जमीन पौष-माघांत पाहिली आहे त्यास यांत विरोध दिसणार नाहीं. पावसाळ्यांत ज्या काळींत चाक तुंब्यापर्यंत रुततें, तीच काळी दसऱ्यानंतर वाळून टणक होते. मग बांधीव सडकेवांचूनही गाडा चालतो, व एकाच्या मागून दुसरा चालल्यानें चाकोरी पडून तीच वाट होते. हें गणित समुद्राच्या ऋतुमानाशींही जुळतें. पश्चिमेकडील जहाजें नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत व ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. पावसाळा सरतांच तगराहून निघालेला गाडा दहा आणि वीस मिळून तीस दिवसांत भडोचेस पोंचला, म्हणजे परतीच्या जहाजांस माल वेळेवर मिळे.

२. गाडीच्या चालीवरून तगराचा निर्णय

तगर कोणतें, यावर मागील विद्वानांत मोठा वाद झाला. विल्फर्ड यानें तें देवगिरीस नेलें, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नरास, व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आजच्या बीड जिल्ह्यांतील धारूर असावें असें सुचविलें. इ. स. १९०१ मध्यें फ्लीट यानें धाराशिव जिल्ह्यांतील तेर म्हणजेच तगर असें प्रतिपादन केलें, व पुढें तेच मत स्थिर झालें. तेर येथील उत्खननांत, तसेंच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर जमविलेल्या व आतां त्यांच्याच नांवाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयांत असलेल्या संग्रहांत जे अवशेष आहेत, त्यांनीं या मतास भरपूर बळ दिलें आहे.

या निर्णयाची एक स्वतंत्र पडताळणी गाडीच्या चालीवरून करतां येते. ती येथें देतों. भडोच व पैठण यांचें अंतर नकाशावर सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर भरतें. पेरिप्लसकारानें त्यास वीस दिवस दिले आहेत. म्हणजे रोजची मजल सरळ रेषेनें सतरा-साडेसतरा किलोमीटर पडली. वाटेचीं वळणें धरिलीं तर ती अर्थात् अधिक होईल. परंतु तुलनेपुरतें सरळ रेषेचें मोजमाप पुरेसें आहे. आतां पैठण ते तेर हें अंतर सुमारें १५० किलोमीटर आहे. दहा दिवसांत वांटलें असतां रोजचे पंधरा किलोमीटर येतात. पैठण ते धारूर हें अंतर मात्र सुमारें १०५ किलोमीटर आहे. त्याची रोजची मजल साडेदहाच येते. एकाच ग्रंथांत, एकाच वाहनाच्या, एकाच मालाच्या वाहतुकीस दिलेले हे दोन आंकडे आहेत. भडोच-पैठण मार्गावर ज्या बैलांनीं सतरा किलोमीटर काटले, त्यांनीं पुढील मार्गावर पंधरा काटले, हें बालाघाटाच्या चढणीमुळें सहज समजतें. साडेदहाच काटले, हें समजणें कठीण आहे.

दिशेविषयीं मात्र प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. ग्रंथकार ‘पूर्वेस’ म्हणतो, आणि तेर पैठणाच्या आग्नेयेस असून पूर्वेपेक्षां दक्षिणेकडेच अधिक झुकलेलें आहे. धारूरही आग्नेयेसच आहे, परंतु त्याचा कल पूर्वेकडे थोडा जास्त आहे. म्हणजे दिशा धारूरास किंचित् अनुकूल, व अंतर तेरास स्पष्टपणें अनुकूल. बंदरावर बसून ऐकीव माहिती लिहिणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडून दिशेची चूक होण्याचा संभव मोठा. मुक्कामांच्या संख्येची चूक होण्याचा संभव लहान, कारण भाडें मुक्कामांवरून ठरतें व व्यापारी भाडें विसरत नाहीं. यास्तव अंतराच्या पुराव्यास आम्ही अधिक किंमत देतों.

३. बीडची जागा

पैठण व तेर यांना जोडणारी सरळ रेषा ओढली असतां ती बीड शहरावरूनच जाते. पैठणापासून बीड सुमारें ६७ किलोमीटर व तेथून तेर सुमारें ८४. पंधराच्या मजलेनें पैठणाहून निघालेला गाडा पांचव्या दिवशीं बिंदुसरेच्या कांठीं येतो, व तेथून बालाघाटाचा डोंगर समोर उभा राहतो. आजचा धुळें-सोलापूर राजमार्गही गेवराईवरून बीडास येऊन मांजरसुंब्याच्या घाटानें डोंगर चढतो व चौसाळ्यावरून धाराशिवाकडे जातो. डोंगर, नदी व पाणवठे दोन हजार वर्षांत जागचे हलले नाहींत. चाकास जी चढण सोसते ती फारशी बदलत नाहीं.

तथापि सरळ रेषेवर असणें म्हणजे मार्गावर असणें नव्हे, हें आम्ही जाणून आहों. बीड शहर सातवाहनकाळीं होतें असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, तगराचा गाडा पैठणास न्यावयाचा तर बालाघाटाची उतरण व गोदावरीचा उतार हे दोन प्रसंग टळत नाहींत, आणि ते दोन्ही जोडणारी सर्वांत जवळची वाट आजच्या बीड जिल्ह्यांतूनच जाते. पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे, त्यामुळें नदी ओलांडणें क्रमप्राप्तच होतें. उन्हाळ्यांत गाडा उतारावरून पाण्यांतून जाई. पाणी असतां नावेवर चढे. ‘कधीं गाड्यावर नाव, कधीं नावेवर गाडा’ ही म्हण आज आपण नशिबाच्या फेऱ्यास लावतों, परंतु नदीकांठच्या गाडीवानास तो रोजचा अनुभव होता.

४. गोणीचे बैल व लमाणांचे तांडे

मध्ययुगीन कागदपत्रांकडे वळलें म्हणजे चित्र पालटलेलें दिसतें. तेथें माल गाड्यावर नव्हे, तर बैलाच्या पाठीवरील गोणींत आढळतो. जकात बैलाच्या ओझ्यावर आकारली जाते. आणि वाहतूकदार म्हणून लमाण अथवा बंजारा पुढें येतो. यावरून दक्षिणेंतून गाडा लुप्तच झाला होता, असा तर्क कोणी करतात. तो तर्क आम्हांस मान्य नाहीं.

फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याचें प्रवासवर्णन इ. स. १६७६ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत हिंदुस्थानांतील वाहतुकीच्या दोन्ही रीति शेजारीं-शेजारीं दिल्या आहेत. बैलाच्या पाठीवर तीनशें ते साडेतीनशें फ्रेंच पौंड, म्हणजे सुमारें दीडशें ते पावणेदोनशें किलो ओझें असे, व दहा-बारा हजार बैलांचा तांडा एकदम चाले. गाड्यांचा काफिला शंभर-दोनशें गाड्यांचा असे, प्रत्येक गाड्यास दहा-बारा बैल जुंपलेले असत व चार शिपाई बरोबर चालत. गाड्यावरून दोर टाकून त्यांचीं चार टोकें हे शिपाई धरीत; वाईट जागीं गाडा एका अंगास कलूं लागला कीं पलीकडचे दोघे दोर ताणून त्यास सांवरीत. अरुंद वाटेवर तांडा व गाडे समोरासमोर आले, तर सारे बैल निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावें लागे, असेंही तो लिहितो.

यावरून दोन साधनांतील भेद ध्यानीं येतो. बैलास वाट लागत नाहीं. तो घाट चढतो, नाला उतरतो, व वाटेंत चरून आपलें पोट भरतो. गाड्यास सपाटी लागते, मोठें मनुष्यबळ लागतें व वाटेवर सुरक्षितता लागते. मात्र जें ओझें दोन गोणींत विभागतां येत नाहीं तें गाड्यावांचून हलत नाहीं. धान्य, मीठ, कापूस यांचे भाग पडतात. घडीव शिळेचे, सागाच्या तुळईचे व तोफेचे भाग पडत नाहींत. म्हणून राज्य स्थिर असतां व्यापारी माल गाड्यावर चढला, धामधुमीच्या काळांत तो बैलाच्या पाठीवर उतरला, आणि अविभाज्य ओझ्यापुरता गाडा दोन्ही काळीं राहिला, असें आमचें अनुमान आहे.

बीड प्रांत धामधुमीचाच होता. इ. स. १६३० च्या सुमारास मोगल सैन्यानें धारूरचा किल्ला घेतला. त्याच सुमारास दक्षिणेंत भयंकर दुष्काळ होता. त्या मोहिमांत आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी व जंगी या नाईकांचे एक लक्ष ऐशीं हजार बैल होते व त्यांस ताम्रपटानें सवलती दिल्या होत्या, अशी बंजाऱ्यांची परंपरा आहे. संख्या परंपरेची आहे. ती अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या मुलखांत दाणा नाहीं तेथें फौज जगविण्यास पाठीवर धान्य वाहणारे सहस्रावधि बैल लागले असले पाहिजेत, हें उघड आहे. येथें एक खुलासा अवश्य आहे. बीड जिल्ह्यांत वंजारी समाज मोठा आहे व बंजारा अथवा लमाण समाजाचे तांडेही आहेत. दोन्ही नांवांचा संबंध वाणिज्याशीं जोडतात, म्हणून कित्येक लेखक दोघांस एकच समजतात. तसें करूं नये. त्या दोन भिन्न जाति आहेत.

शके १६८५, इ. स. १७६३ च्या १० ऑगस्ट रोजीं गेवराईनजीक गोदातीरीं राक्षसभुवनाचा संग्राम झाला. भर पावसाळ्यांत निजामअलीचें सैन्य नदीमुळें दुभंगलें. तो पैलतीरीं गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे सांपडून मारला गेला. या लढाईचा विचार करतांना सेनानींच्या शौर्याबरोबर तोफांचे गाडे व बुणग्यांचें सामान श्रावणांतील गोदावरीपार नेण्याची अडचणही मोजली पाहिजे. पुढें इ. स. १८०३ मध्यें जनरल वेलस्ली हैदराबादेच्या वाटेच्या रक्षणाकरितां याच गोदेच्या कांठानें फिरत होता. त्याच्या पत्रव्यवहारांत बंजाऱ्यांचे बैल व दाणा यांची चिंता शत्रूच्या चिंतेइतकीच वारंवार दिसते.

५. जुना गाडा व नवी गाडी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं देशावर जो गाडा होता त्याचीं चाकें भरीव असत. त्यांस आरे नसत. तो दगड, लांकूड व शेतांतील जड माल हलविण्यापुरता उपयोगी होता. इ. स. १८३० मध्यें बोरघाटाचा रस्ता गाड्यांस खुला झाला, आणि १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड यानें सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें कारखाना घालून हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी तयार करविली. ही गाडी शेतकऱ्यास परवडण्याजोगी होती, व एका जोडीनें चाले. गांवोगांवच्या सुतारांनीं तिचा कित्ता गिरविला. तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर लोहारानें तापवून चढविलेली लोखंडी धाव, मधून आंस, पुढें जूं, आणि आंसाखालीं टांगलेला वंगणाचा नळा, असें जें बैलगाडीचें रूप आपण परंपरागत म्हणून समजतों, तें या स्वरूपांत फार जुनें नाहीं. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण याच नळ्यावरून आली.

सुतार व लोहार हे दोघेही बलुतेदार. शेतीचीं अवजारें नीट ठेवण्याबद्दल त्यांस खळ्यावर धान्य मिळे. पेठेस भाड्यानें जाणारी गाडी ही नवीन वस्तु होती व तिनें गांवांत रोकडीचा नवा व्यवहार आणला. शेतकऱ्याचे जे बैल उन्हाळ्यांत दावणीला बसून खात, ते आतां भाडें कमावूं लागले. आणि लमाणाचा तांडा त्याच मानानें निकामी होत गेला. एका समाजाचा उद्योग बुडून दुसऱ्याचा जोडधंदा उभा राहिला, हें परिवर्तन आरे व धाव यांनीं घडविलें.

६. लोहमार्गाची दूरता

लोहमार्ग आल्यावर गाडी संपली, असें सर्वसाधारण समजतात. बीडपुरतें सत्य याच्या उलट आहे. इ. स. १८६० पर्यंत पुण्याहून सोलापुरास आगगाडी पोंचली, इ. स. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या पलीकडून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला. १८९७ मध्यें अरुंद मापाचा बार्शी लोहमार्ग उघडून १९११ मध्यें लातुरास गेला. हे तिन्ही मार्ग बीड शहराच्या सभोंवार फिरले. त्यांतला एकही शहरास शिवला नाहीं. पुढें जिल्ह्याच्या पूर्व टोकास परळीला लोहमार्ग आला, तरी जिल्ह्याचें मुख्य ठिकाण कोरडेंच राहिलें. त्यामुळें दक्षिण भागाचा कापूस व गळिताचीं धान्यें बार्शीच्या पेठेस, व गंगथडीचा माल जालन्याकडे, असा गाड्यांचा ओघ लागला. स्टेशन जितकें दूर तितकें गाडीस काम अधिक.

येथें एक राजकीय गोष्टही आहे. बीड निजामाच्या राज्यांत, बार्शी इंग्रजी मुलखांत. मध्यें करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. गाडी नाक्यावर थांबली कीं तिची नोंद होई. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचें राज्य संपलें व पुढें तो नाकाही गेला. परंतु जे कागद त्या नाक्यांवर लिहिले गेले त्यांत या प्रांताच्या गाडीव्यवहाराचा इतिहास सांपडण्याची मोठी आशा आहे. बीड शहरांत अहिल्यानगराहून प्रवासी आगगाडी सुरू झाली ती २०२५ च्या १७ सप्टेंबर रोजीं. मुंबई-ठाणें आगगाडी १८५३ मध्यें धांवली. या दोन तारखांत १७२ वर्षांचें अंतर आहे. बीड प्रांतांत गाडी इतकी टिकली याचें एक मोठें कारण या आंकड्यांत आहे.

७. ऊसतोडीची गाडी

गाडीचा शेवटचा अध्याय बीड जिल्ह्याबाहेर लिहिला गेला, पण बीडच्या माणसांनीं लिहिला. सहकारी साखर कारखाने १९५० पासून पश्चिम महाराष्ट्रांत उभे राहिले, व बालाघाटावरील कोरडवाहू गांवांतील कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडण्यास तिकडे जाऊं लागलीं. १९७२ च्या दुष्काळानें हा ओघ फार वाढविला. लांकडी चाकाच्या जागीं रबरी धावेची लोखंडी गाडी आली. लोक तिला टायरगाडी म्हणतात. तिच्यावर दोन टनांहून अधिक ऊस चढतो, व तो एक बैलजोडी ओढते. ज्यांच्याजवळ बैल, ते गाडी घेऊन जातात. ज्यांच्याजवळ नाहींत, ते केवळ कोयता घेऊन जातात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची, व ती तोडणी-वाहतुकीच्या मजुरींतून फेडावयाची. न फिटली तर ती पुढील वर्षाच्या डोक्यावर बसते. अलीकडे ट्रॅक्टर या बैलांची जागा झपाट्यानें घेत आहे.

इतिहासलेखकास येथें एक विलक्षण साम्य दिसतें. पावसाळा सरतांच याच भूमींतून गाडे पश्चिमेकडे निघत, आणि आजही निघतात. भेद एवढाच कीं, पूर्वीं गाड्यावर या प्रांताचा माल असे. आतां गाडीवर संसार असतो, आणि माल दुसऱ्याच्या शेतांत उभा असतो.

८. संग्राहकांस विनंति

या विषयाचा पुरावा फार थोड्या दिवसांचा सोबती आहे. भरीव चाकाचा गाडा आतां दिसणें दुर्मिळ. आऱ्यांची गाडीही सरपणांत जात आहे. आमचे संग्राहक मित्र पोथ्या, नाणीं व ताम्रपट यांजकडे लक्ष देतात, तें योग्यच आहे. परंतु आडत्याच्या जुन्या खतावण्या, भाड्याच्या चिठ्ठ्या, जकातीचीं दस्तकें, बलुत्याचे मोडी कागद हेही तितकेच मोलाचे आहेत, आणि ते रद्दींत आधीं जातात. बीड, गेवराई, धारूर, अंबाजोगाई, पाटोदा या कसब्यांतून असे कागद ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं त्यांवरील गांव, तिथि, मालाचें वजन व भाडें एवढें तरी उतरून ठेवावें. घाटांतील खडकांवर जुन्या चाकोऱ्या दिसल्यास दोन चाकोऱ्यांमधील अंतर मोजून घ्यावें. कारण चाकोरीच्या रुंदीवरून गाड्याची जाति ओळखतां येईल, आणि कदाचित् आम्हीं वर जी वाट केवळ गणितानें काढली ती डोळ्यांनीं पाहतां येईल.

पेरिप्लसची पोथी एकच उरली, म्हणून तगराचा गाडा आपणांस ठाऊक झाला. आमच्या गाडीची पोथी अद्याप कोणीं लिहिलेली नाहीं. ती लिहिण्याचें साधन मात्र अजून आपल्या हातांत आहे.